न पाहिलेल्या झाडाचा वास

सदूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. फोन त्यांच्या मुलाचा, मंगेशचा. "काकी, बाबा गेले," म्हणाला, आणि मग कसं झालं ते सांगितलं. दुपारी जेवून आडवे झाले, चारच्या सुमारास वहिनी चहाला उठवायला गेल्या, तर उठले नाहीत. ना आजारपण, ना दवाखाना. पंचाहत्तरी उलटलेली, पोटभर जेवण झालेलं, स्वतःच्या घरातली चटई. असं मरण मागून मिळत नाही, असं जो तो म्हणाला, मीही म्हणाले. पण फोन ठेवून उरलेले वाल सोलताना मला रडू आलं, आणि रडता रडता एक अशी गोष्ट मनात आली जी त्या वेळी यायला नको होती. या माणसाने उभ्या आयुष्यात एकच निकाल खोटा दिला होता, आणि तो का दिला हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. आता सव्वा महिना झाला. आता ती गोष्ट सांगायला हरकत नाही.

सदूभाऊ कासूचे. घरची भातशेती, पावसाळा संपला की त्याच शेतात वाल, शिक्षण सातवी. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची सुगंधी रसायनांची कंपनी निघाली तेव्हा पहिल्या भरतीत ते ड्रम ढकलायला लागले, आणि निवृत्त झाले तेव्हा सगळे त्यांना कंपनीचं नाक म्हणत. मी त्यांच्यानंतर पाच-सहा वर्षांनी लॅबमध्ये आले. पेणला मी गाडीत चढायचे, कासूला ते चढायचे, रोह्याला उतरून पुढे कंपनीची बस. म्हणजे हिशेब केला तर नवऱ्याशी जितकं बोलले नसेन तितकं मी त्या गाडीत सदूभाऊंशी बोलले आहे. नवऱ्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती, त्याला तेवढाच वर्तमानपत्र वाचायला निवांतपणा मिळायचा.

आमचा मुख्य माल एकच. कागदोपत्री त्याचं नाव आयसोबोर्निल ॲसिटेट. कामगारांनी त्याचं नुसतं बोर्निल करून टाकलं होतं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, बिनरंगी, हाताला जरा तेलकट. पाण्यात टाकलं तर मिसळत नाही, वर तवंग धरून बसतं; अल्कोहोलमध्ये मात्र निमूट विरघळतं, आणि साबणाच्या पाण्यात घुसळलं तर सगळं दुधासारखं पांढरं होतं. आणि वास... पुस्तकात लिहिलं होतं, चीड-देवदाराच्या जंगलाचा. हिरवा, थंड, थोडासा कापराकडे जाणारा, आणि अगदी शेवटी किंचित गोड. साबण, फिनेल, फरशी पुसायचं औषध, न्हाणीघरात टांगायच्या वड्या, ज्या ज्या वस्तूवर हिरवं टोकदार झाड छापलेलं असतं त्यातल्या बहुतेकांत हे किंवा याचं एखादं भावंड असतं. साबणवाल्यांचा त्यावर विशेष जीव, कारण ते स्वस्त आणि साबणाच्या खारातही टिकून राहणारं. अगदी नखभर प्रमाणात ते खाण्याच्या वस्तूंच्या स्वादातही घालतात, हे मी सदूभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी आठवडाभर पेपरमिंटची गोळी तोंडात घातली नाही. तुमच्या घरात कधी असली हिरव्या झाडाची बाटली उघडली गेली असेल, तर सदूभाऊंची आणि तुमची ओळख झालेली आहे असं समजा.

पहिल्या वर्षी मला त्यांचा रागच यायचा. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली, लॅबमधली पहिली बाई, आणि हा माणूस रोज गाडीत मला असे प्रश्न विचारायचा की ज्यांची उत्तरं माझ्या पुस्तकात नसायची. एकदा त्यांनी विचारलं, आपला माल ज्यापासून होतो ते टर्पेंटाइन कुठून येतं. मी सांगितलं, उत्तरेकडच्या डोंगरांत चिडाची झाडं असतात, त्यांच्या खोडाला खाचा पाडून डीक गोळा करतात, त्यातून. नागोठणं मागे पडल्यावर म्हणाले, म्हणजे झाडातून निघालेल्या मालापासून आपण पुन्हा झाडाचाच वास बनवतो, मग मधल्या मध्ये आपण करतो काय? मी वैतागून सांगितलं की डिकाच्या तेलाला रंगाच्या डब्याचा वास येतो, जंगलाचा नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत लहानाची मोठी झालेय मी, टर्पेंटाइनचा वास मला कुणी सांगायला नको. जंगलाचा वास झाडाच्या पानांत असतो, त्या सुयांसारख्या बारीक पानांत, आणि त्यात जे असतं ते आपल्या बोर्निलचं जवळजवळ जुळं भावंड आहे. "जुळं ना, मंग ठीक हाय," असं म्हणून त्यांनी मला तेवढ्यापुरतं सोडलं.

पण त्यांचा खरा प्रश्न पुढेच होता, आणि तो त्यांनी रोह्याचा फलाट दिसायला लागल्यावर विचारला. "मॅडम, ह्ये झाड तुमी बघितलंय?"

मी बघितलं नव्हतं. आमच्या साहेबांनीही नव्हतं, ते मिरजेकडचे. कंपनीत कुणीच बघितलं नव्हतं. मग आपला वास बरोबर आहे हे कोण ठरवतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, साहेबांच्या फ्रिजमध्ये परदेशातून आलेली एक सीलबंद नमुन्याची बाटली आहे, तिच्याशी ताडून बघतात. सदूभाऊ म्हणाले, त्या बाटलीवाल्याने तरी झाड बघितलं असेल कशावरून? मी हसले, ते हसले नाहीत. पुढची तीस-बत्तीस वर्षं हा प्रश्न त्यांनी मनातून खाली ठेवला नाही. दर दिवाळीच्या सुट्टीआधी ते एकदा तरी म्हणायचे, येकदा जाऊन बघायला पायजे ताई, आपून बनवतोय ते खरं का खोटं. त्यांना काश्मीर बघायचं नव्हतं, बर्फात फोटो काढायचा नव्हता. आपलं आयुष्य ज्या वासात गेलं तो खरा आहे की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांच्या नाकाचा शोध कंपनीला तसा उशिराच लागला. आमचं काम तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी रिॲक्टरमध्ये टर्पेंटाइनपासून काढलेला पांढरा मेणासारखा पदार्थ आणि ॲसेटिक ॲसिड, म्हणजे लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरचा थोरला भाऊ, एकत्र शिजायचे. त्या दिवशी सगळ्या शेडमध्ये आंबट वास. दुसऱ्या दिवशी सोड्याच्या पाण्याने धुऊन उरलेलं ॲसिड काढायचं. आणि तिसऱ्या दिवशी हवा खेचून घेतलेल्या भांड्यात तापवून त्याची वाफ करायची, ती थंड केली की पलीकडून शुद्ध माल थेंब थेंब पडायचा. एका तिसऱ्या दिवशी सदूभाऊ ड्रम लावता लावता साहेबांना म्हणाले, माल करपतोय. काटे सगळे जागच्या जागी होते. साहेबांनी त्यांना गप्प केलं, आणि पाऊण तासाने भांड्याच्या एका जोडातून हवा आत शिरतेय हे सापडलं. दुसऱ्या महिन्यापासून साहेबांनी त्यांना वासाच्या खोलीत बसवलं. तिथे आम्ही तिघं: साहेब, मी आणि सदूभाऊ. कागदाच्या अरुंद पट्टीचं टोक मालात बुडवायचं, लगेच हुंगायचं, तासाने हुंगायचं, आणि तीच पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगायची. मग निकाल. सदूभाऊ निकाल लिहीत नसत, तोंडी सांगत, पास किंवा नाय. का नाय हे विचारलं तर मात्र ते असं काही नेमकं बोलायचे की मी ते गुपचूप माझ्या वहीत लिहून घ्यायचे.

आता माझी घोडचूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय सदूभाऊ कळणार नाहीत. श्रावणातले दिवस होते, पेणच्या बाजारात सोनचाफा आलेला. मी दोन फुलं वेणीत खोचली आणि गेले. त्या दिवशी मोठ्या साबणवाल्याचा माल होता. साहेबांना सर्दी, म्हणजे निकाल आम्हा दोघांवर. सदूभाऊंनी पट्टी दोनदा हुंगली आणि म्हणाले, सुरुवात चांगली हाय, पन पाठीमागनं आंबट येतंय. मी हुंगलं, मला आंबट काही आलं नाही. पुन्हा हुंगलं. छान, हिरवं, थंड. ॲसिडाची चाचणी मी स्वतः केली होती, तीही मर्यादेत. मी पदवीधर, ते सातवी. साहेबांनी माझ्या सहीवर माल सोडला. बारा दिवसांनी सगळे ड्रम परत आले. साबणाच्या वडीला सुकल्यावर आंबूस वास येतो, असं पत्र. साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. मी शरमेने मेल्यासारखी झाले होते, आणि मनात ठरवूनच टाकलं होतं की आता हा माणूस साहेबांपुढे माझी शोभा करणार. सदूभाऊ म्हणाले, "नाकाचं काय सायेब, कुनाचंबी येखाद दिवशी बसतं." एवढंच.

पुढच्या वासाच्या दिवशी मी खोलीपाशी गेले तर दाराबाहेरच्या स्टुलावर स्टीलची वाटी, वाटीत पाणी. माझ्या डोक्यात त्या दिवशी अबोली होती. सदूभाऊ पट्ट्या कापत होते, मान वर न करता म्हणाले, "ताई, फुलं हितं ठेवा. जाताना परत घाला, पान्यात ताजी ऱ्हातील." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं नाक आणि ती पट्टी यांच्यामध्ये त्या दिवशी दोन सोनचाफे बसलेले होते. आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण साहेबांपुढे त्यांनी तोंडातून काढलं नाही. अबोलीला वास नसतो, पण एक दिवस अबोली आणि एक दिवस चाफा असं करण्यापेक्षा सवयच लागलेली बरी, हा त्यांचा हिशेब. मी तीन-चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही, इतका राग आला होता मला, स्वतःचा आणि त्यांचाही. मग राग गेला आणि वाटी राहिली. पुढे लॅबमध्ये ज्या ज्या मुली आल्या त्यांनी आपली फुलं त्या वाटीत ठेवली, का ते कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हणायचं सोडलं, तेही माझ्या आता लक्षात येतंय.

स्वतःला त्यांनी याहून कडक नियम लावले होते. तंबाखू कधी नव्हतीच. पण कासूच्या माणसाने सोमवार ते शनिवार सुकट खायची नाही, हे म्हणजे काय ते आमच्याकडच्या लोकांनाच कळेल. त्यातून वहिनी खाडीकडच्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. त्यांच्या माहेरी सुकटीशिवाय घास उतरत नाही. नव्या सुनेला नवऱ्याने सांगितलं, घरात सुकट भाजायची ती रविवारी. वहिनी माझ्यापाशी तक्रार करायच्या, लगीन झालं तवा वाटलं कंपनीतला नवरा मिळाला, हा तर बामनासारखा जेवतो. शेवटी त्यांनी तोडगा काढला. शेजारच्या जावेकडे भाजायच्या, तिथेच बसून खायच्या, हातपाय धुऊन घरी यायच्या. सदूभाऊंना अर्थातच उंबऱ्यातच कळायचं. ते काही बोलायचे नाहीत, वहिनीही काही बोलायच्या नाहीत, आणि संसार असा सुखाने चालला होता.

त्यांच्या नाकाच्या गमती सांगायला बसले तर पान पुरणार नाही. एकच सांगते. एकदा आम्ही लॅबचे सगळे कोलाडला महामार्गावरच्या एका खानावळीत जेवायला गेलो होतो. नुकतीच फरशी पुसलेली. सदूभाऊ दारात थबकले, जरा नाक वर केलं आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, माल आमचाच हाय शेट, पन तुमच्या पोराला सांगा पानी कमी वढ, निस्तं पानीच पुसतोय. गल्ल्यावरचा माणूस आधी घाबरला, त्याला वाटलं सरकारी तपासणी आली. मग सगळं कळल्यावर त्याने आमच्या ताटांत फुकट सोलकढी वाढली. सदूभाऊंना त्याचा कोण अभिमान. परतीच्या गाडीत मला म्हणाले की बघा, एवढ्या लांब आपला वास येऊन बसलाय. मग लगेच चेहरा पडला, आणि तोच जुना प्रश्न. पण तो खरा का?

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मंगेशने आईबाबांना हिमाचलच्या सहलीला पाठवलं. आठ दिवसांची, बसची, सत्तर ठिकाणं दाखवणारी आणि कुठेच धड थांबू न देणारी सहल. परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी सदूभाऊ एसटीने पेणला माझ्या घरी हजर, हातात सफरचंदांची पिशवी. फोन करू शकले असते. पण हा निकाल फोनवर सांगण्यासारखा नव्हता त्यांच्या लेखी. पाणीही न पिता म्हणाले, "ताई, झाड बघितलं. तोच वास हाय. आपला माल पास."

मला इतका आनंद झाला की मी साहेबांना मिरजेला फोन लावला. साहेब तेव्हा ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येई, तरी त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा कळल्यावर ते म्हणाले, "सदाशिव म्हणाला ना? मग झालं." जुन्या लोकांचा दरवर्षी एक मेळावा होतो, त्यात सदूभाऊंना उभं करून ते सांगायला लावलं, टाळ्या वाजल्या. आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर न पाहिलेल्या झाडाचा वास बनवला होता आणि आमच्या माणसाने जाऊन तो तपासून आणला होता. मला वाटतं, त्या दिवशी त्या हॉलमध्ये प्रत्येकाला आपली नोकरी जरा मोठी वाटली.

आणि मग दोन वर्षांनी एका सकाळी मी कासूला गेले होते. ओटीवर बसून आम्ही बोलत होतो, वहिनी परसात. स्वयंपाकघर दोन हातांवर. दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला, आणि सदूभाऊ शांतपणे मला भाताच्या बियाण्याबद्दल सांगत राहिले. वहिनी परसातून धावत आल्या. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी लॅबवाली, माझा स्वभाव जात नाही. सर्दीसाठी पिशवीत नीलगिरीच्या तेलाची बाटली असते, ती मी काढली, लेबल मुठीत धरून त्यांच्यापुढे केली. हे बघा जरा कसं वाटतं. त्यांनी जुन्या सवयीने बाटली नाकाखालून हळूच फिरवली. "बरा हाय," म्हणाले, "हिरवा हाय." नीलगिरी आणि बोर्निल यातला फरक ज्या माणसाने मला शिकवला होता तो हे म्हणत होता... मी बाटली पिशवीत टाकली आणि पावसाचा विषय काढला.

स्टेशनापर्यंत सोडायला वहिनी आल्या. बांधावरून चालता चालता त्यांनीच सांगितलं की नाक गेलंय त्यांचं, चार वर्षं झाली, पावसाळ्यात ताप आला त्यानंतर काहीच कळत नाही. कुणाला सांगू नको म्हणाले आहेत, तुम्ही पण बोलू नका. मी बरं म्हटलं. गाडी यायला वेळ होता. फलाटावर उभी राहून मी साधी वजाबाकी केली. चार वर्षांपूर्वी नाक गेलं, दोन वर्षांपूर्वी हिमाचल. म्हणजे ते त्या झाडाखाली उभे राहिले तेव्हा त्यांना कसलाच वास येत नव्हता. आणि तरी त्यांनी माझ्या घरी येऊन सांगितलं, तोच वास हाय.

खरं सांगते, मला त्या दिवशी दुःखापेक्षा राग जास्त आला. ड्रम परत आले तरी चालतील पण निकाल खोटा नको, हे ज्यांच्याकडून शिकले त्यांनीच असं करावं? तेही त्या एका प्रश्नाच्या बाबतीत, जो त्यांनी तीस वर्षं जपला? साहेब तर त्या निकालाच्या समाधानात गेले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, म्हातारा माणूस, गेला होता एवढ्या लांब, काय सांगेल मग? त्याचं म्हणणं बरोबरही असेल. पण सदूभाऊ असे नव्हते, आणि हे मी त्यांच्याबद्दल नवऱ्यापेक्षा जास्त खात्रीने सांगू शकत होते.

त्यानंतर मी कासूला चार-पाच वेळा तरी गेले असेन. दरवेळी गाडीत ठरवायचे, आज विचारायचं. दरवेळी ते ओटीवर असे मजेत बसलेले असायचे की जीभ उचलायची नाही. ते जायच्या महिनाभर आधीची आमची शेवटची भेट. अंगणात वाल वाळत घातलेले, ते काठीने कोंबड्या हाकत होते. मधेच म्हणाले, "ताई, आपल्या हातनं येक काम तरी सोळा आने खरं झालं बगा." मी हो म्हटलं. चेहरा असा निवळ होता की खोटं बोलणाऱ्या माणसाचा असा असूच शकत नाही असं वाटलं, आणि मग वाटलं, की आता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असेल. मी चहा पिऊन निघाले. येताना वहिनींनी निवडलेल्या वालाची पिशवी हातात दिली. फोन आला तेव्हा मी सोलत होते ते वाल त्याच पिशवीतले.

दिवस झाल्यावर आठवड्याने मी पुन्हा कासूला गेले. मंगेश कामावर, सून शाळेत शिकवायला. वहिनी एकट्या माजघर आवरत होत्या. खुंटीवर कंपनीचा निळा शर्ट, कॉलर विरलेली. मी तो हातात घेतला आणि सवयीने नाकाशी नेला. उन्हाचा आणि कपड्याच्या साबणाचा वास, बाकी काही नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, त्याला आता वास कसला, पंधरा-सोळा वर्सं झाली. मग मात्र मला राहवलं नाही. मी खाली बसले आणि विचारलं, वहिनी, हिमाचलात त्यांना काहीच वास आला नव्हता ना? मग त्यांनी आम्हाला असं का सांगितलं?

वहिनींना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी कुटं सांगितलं गो, मी सांगितलं."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. घाटात एका वळणावर बस चहाला थांबली होती. खाली-वर सगळी तीच झाडं. सदूभाऊ एकटेच रस्ता सोडून वर गेले, वहिनी मागोमाग. त्यांनी एका झाडाच्या सालीला नाक लावलं. मग खालच्या फांदीची पानं ओरबाडली, तळहातावर चोळली, हुंगली. पुन्हा चोळली, पुन्हा हुंगली. वहिनी म्हणाल्या, पाठमोरे होते तरी मला कळलं. बऱ्याच वेळाने ते वळले आणि तो हात त्यांनी वहिनींच्या नाकापुढे धरला. तू बघ, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं. ते म्हणाले, तुलाच कळंल.

"मी बघितला," वहिनी म्हणाल्या. "म्हनलं, हा तर तुमच्या शर्टाचा वास."

सदूभाऊंनी लगेच पास म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, कुठल्या दिवसाच्या शर्टाचा?

हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं ते शर्ट या बाईने धुतले होते. पहिल्या दिवसाचा शर्ट आंबट यायचा, तो वेगळ्या बादलीत भिजवायचा, नाहीतर बाकीच्या कपड्यांना लागायचा. दुसऱ्या दिवसाचा नुसता ओलसर, सोड्याचा, त्याला काही चव नाही. माल करपला असेल तर नवरा घरी येऊन बोलायच्या आधी शर्टावरून कळायचं आणि त्या दिवशी त्या गुपचूप गोडाचं काहीतरी करायच्या. आमच्या वासाच्या खोलीत आम्ही तिघं पट्ट्या हुंगत बसायचो, आणि प्रत्येक मालाचा निकाल इथे मागच्या दारी धुण्याच्या दगडावर पुन्हा एकदा लागत होता. आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता. सदूभाऊंना होता.

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"माल निघायच्या दिवसाचा," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्या दिवसाचा. तो शर्ट मी सगल्यात शेवटाला धुवायची. येक दोन दिवस खुटीवरच ठेवायची."

शर्ट माझ्या मांडीवर होता. त्यांनी तो घेतला, घडी घातली, परत उलगडली आणि खुंटीला लावला. मी विचारलं, मग ते काय म्हणाले?

"हात तसाच धरून हुबे ऱ्हायले. खाली गाडीवाला हारन मारत व्हता, सगली मानसं चढली व्हती. मी म्हनलं चला आता. तर म्हनले, बस गो जरा. मंग बसलो दोगं."